तांब्याची नळी

मी फटफटी घेतली ती मिरवायला, असं आमच्या दादानं गावभर सांगितलं होतं. ते अगदीच खोटं होतं असं नाही, पण ते बोलायचा हक्क त्याचा नव्हता. शेत त्याच्याकडं राहिलं, बैल त्याच्याकडं राहिले, म्हातारे वडील त्याच्याकडं राहिले. करमाळ्याच्या बाजूचं आमचं गाव मी सोडलं तेव्हा माझ्याजवळ अंगावरचे कपडे होते आणि पाठीमागून आलेलं त्याचं बोलणं होतं, "महिन्यात भाकरी मागत येतंय बघा."

गेलो नाही. सोलापुरात आधी सुताच्या गासड्या उचलल्या, मग त्या विकणाऱ्यांच्या मागं हिंडलो, मग स्वतःच दलाली करू लागलो. समोरचा माणूस कुठं ढिला पडतो ते मला चटकन कळायचं. एका गिरणीतला साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची फटफटी मी इतकी घासाघीस करून घेतली, की शेवटी तोच हात जोडून मराठीत "पुरे" म्हणाला.

ही बातमी गावी पोचली आणि थोड्याच दिवसांत बाजाराला आलेल्या एका गाववाल्यानं आबांचा निरोप आणला. आबा म्हणजे आमचे वडील. सगळा जन्म बैलांच्या मागं चाललेले. त्यांनी सांगितलं होतं, "येकदा मला मागं बसवून देवीला ने म्हणावं." करमाळ्याची भवानी आमच्या घरची देवी. आबांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मी उलटा निरोप धाडला, येत्या पौर्णिमेला येतो, तयार राहा.

मग नळीनं दगा दिला. इंजिनातला धूर मागं नेणारी ती लोखंडी नळी गंजून तिची चाळणी झाली होती आणि साहेबानं वरून काळा रंग फासला होता. मी चाकं बघितली, दिवा बघितला, इंजिन चालू करून कान लावला. नळीखाली हात घालायचं राहिलं. पाप त्याचं, तो बोटीत बसून गेला. लोहारानं पत्र्याचा तुकडा मारून बघितला, पण खालचं लोखंडच भुसभुशीत, खिळा धरेना. सात रस्त्याजवळच्या मोटारीच्या सामानवाल्यानं सांगितलं की नळी मुंबईहून येईल, मुंबईत नसली तर बोटीची वाट बघा. पौर्णिमा तोंडावर आलेली. मी त्याच्याशी भांडलो, पण भांडून नळी येत नाही.

आमच्या मागच्या आळीत एक तांबट होता. आंघोळीचं पाणी तापवायचे बंब करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं गंजकी नळी हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली.

"बंबाच्या मधली नळी करतो, तीच आडवी केली की झालं," तो म्हणाला. "आतनं जाळ, आतनं धूर. ह्यात येगळं काय हाय?"

मला ते सोळा आणे पटलं. मजुरीवरून मी दोनदा त्याच्या पायऱ्या उतरलो, दोनदा त्यानं परत बोलावलं, शेवटी घरातली मोडकी भांडी त्याला मोडीत घालून सौदा पटला. त्यानं पत्रा गोल वळवला, शिवण पितळ वितळवून झाळली, आणि इंजिनाच्या तोंडाशी बसणारी कडी, बंबाला झाळतो तशी, कथलानं झाळली. नळी चिंचेनं घासून बसवली तेव्हा सगळी आळी बघायला गोळा झाली. एक म्हातारी म्हणाली, "आता मालकांच्या आंघोळीची सोय वाटंतच झाली की." मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती.

पहाटे निघालो. मोहोळपर्यंत गाडी झकास चालली. पुढं एका खड्ड्यात चाक आदळलं आणि एकदम तोफा डागाव्यात तसा आवाज सुरू झाला. उतरून बघतो तर कडी जागेवर, नळी सुटून लोंबकळतेय आणि झाळलेल्या जागी कथलाचे थेंब. ते आधीच केव्हातरी पाघळलं असणार. तारेनं बांधली, पुन्हा सुटली. शेवटी नळी मागं बांधून घेतली आणि तसाच निघालो. परत फिरणं मनातही आलं नाही. आबा वाट बघत असणार.

ते वाट बघतच होते. दारात, धुतलेलं धोतर, डोक्याला कोरा पटका, पायात वहाणा, एकदम तयार. पण माझ्याआधी माझा आवाज गावात पोचला होता. एका बैलानं दावं तोडलं, बाया पोरांना उचलून घरात पळाल्या. मी दारासमोर थांबलो तेव्हा इंजिनाच्या उघड्या तोंडातून बोटभर जाळ बाहेर येत होता. निम्मं गाव जमलं. दादा गोठ्यातून आला.

"ही फटफटी हाय का तोफ?" तो म्हणाला. "आबांचं धोतर पेटलं म्हंजी?"

मी इंजिन बंद केलं. मध्ये पत्रा बांधतो, हळू नेतो, देवळापर्यंत तर जायचंय, असं सगळं सांगितलं. आबा उठून गाडीजवळ आले होते. बसायच्या जागेवर त्यांनी हात ठेवला.

"बसतो की मी," ते म्हणाले. "धोतर वर खोचतो."

"आबा, आत चला. लोकं हसाय लागल्यात," दादा म्हणाला.

जाळ होता, हे मी नाकारत नाही. पण दादा ते जाळाकडं बघून बोलला नाही, गर्दीकडं बघून बोलला. मी घर सोडून गेलो तेव्हाही तो असाच गर्दीकडं बघून बोलला होता. आबांनी माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. भाकरी त्यांना त्याच्या घरची खायची होती. ते उंबऱ्याशी गेले, वहाणा काढल्या आणि आत गेले.

मी दादाला जे बोललो ते इथं लिहिण्याजोगं नाही. घरचं पाणीही न पिता मी गाडी फिरवली.

सोलापूरला येऊन तांबटाच्या दुकानात नळी आपटली. त्यानं ती सुटलेली कड बोटानं चाचपून बघितली. मग हळू आवाजात म्हणाला, "बंबाच्या नळीला भोवतीनं पाणी असतंय, मालक. म्हणून कथील टिकतंय. हितं पाणी कुटं हाय?" ते त्याला आधी सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर रोज सकाळी त्याच्याच बंबातलं पाणी काढत होतो. त्यानं कडी पितळेनं झाळून दिली. ती नळी पुढं कधी हलली नाही.

गाडी ठीक झाली, तरी मी गावी गेलो नाही. दादानं बोलवावं, एवढंच माझं म्हणणं होतं. हंगाम गेला, दुसरा आला. बोलावणं आलं ते आबा अंथरुणाला लागल्याचं.

गेलो तेव्हा गाडीचा आवाज इतका नरम होता की कुत्रंही भुंकलं नाही. आबांचे पाय सुजून जड झाले होते. मी म्हणालो, दोघं मिळून धरतो, गाडीवर बसवतो, देवीला नेतो. त्यांनी माझा हात थोपटला.

"न्हाय बाबा. आता टांग टाकाय येत न्हाय. तवाच बसायचं हुतं."

दादा पलीकडं उभा होता. दुपारी आबांना धाप लागली आणि करमाळ्याच्या दवाखान्यातून औषध आणायची घाई झाली. बैलगाडीनं संध्याकाळ झाली असती. दादानं धोतर वर खोचलं आणि माझ्या मागं बसला. आमच्या घरातलं माझ्या फटफटीवर बसलेलं पहिलं माणूस ते, आणि शेवटचंही. वाटभर त्यानं माझे खांदे घट्ट धरले होते. मी गाडी जोरात हाणत होतो.