गिळणारी केबल
माझ्या काकूचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मोबाइल टॉवरखाली मीटर लावून ती केबलमधून सिग्नल सोडते. वरच्या अँटेनात बिघाड असला किंवा ती जोडलेलीच नसली, की तो परत येतो. त्या दिवशी जवळजवळ काहीच परत आलं नाही.

"झकास! उतरा खाली," ती ओरडली.

वरून काका म्हणाले, "अगं, अँटेना अजून माझ्या हातात आहे. जोडलीच नाही!"

काकूचं डोकं फिरलं. तिने केबल कापली, तर आतून पाणी ओघळलं. पाणी मुरलेल्या केबलने सगळा सिग्नल वाटेतच गिळला होता.

"मेली! आतून सडलीय, आणि मला सांगते सगळं ठीक आहे!"

संध्याकाळी काका गुडघा दाबत बसले होते.

"काय होतंय?"

"कुठे काय? काही नाही."

काकूने ताट आपटलं. "तुम्हालाही कापून बघू का?"