म्होरक्याची घंटी

रामप्रसादचा स्वभाव मुळातच घोर लावून घेणारा. बिडकीनच्या कारखान्यात मशीनमधून निघालेला सुटा भाग तो दोनदा मापतो, आणि घरी आल्यावर तिसऱ्यांदा मापायला हवा होता, असं त्याला वाटत राहतं. असल्या माणसानं मेटलच्या, त्या कानठळ्या बसवणाऱ्या संगीताच्या नादी का लागावं, हे त्याच्या आईला, सारजाबाईला, कधीच उमगलं नाही. गुडघ्यांपायी ती आता त्याच्याकडेच शहरात राहते. गाणं कानावर पडलं की विचारते, "एवढं वराडतंय कशापायी? कुनी मारलंय व्हय त्याला?"

खरं तर ते गाणं त्या घोरातूनच निघालं होतं. त्याचे वडील मल्हारराव, म्हणजे आबा, मेंढपाळ. रामप्रसादचं लहानपण बिऱ्हाडाबरोबर वैजापूरकडच्या माळांवर गेलं. आबा मेंढरं घेऊन लांब जायचे आणि दिवस कलला की हे पोरगं पालाबाहेर कान देऊन बसायचं. कळपापुढं चालणाऱ्या मेंढ्याच्या, म्हणजे म्होरक्याच्या गळ्यात पितळी घंटी असे. ती ऐकू आली की जीव भांड्यात पडायचा, तोवर घास उतरायचा नाही.

त्या वाट बघण्यावरच त्याच्या बँडनं 'पल्ला' नावाचा अल्बम करायला घेतला. शहागंजातल्या एका कापडदुकानाची माडी, आवाज अडवायला भिंतींना जुन्या गाद्या, आणि आत लांबच लांब सात गाणी, वजनदार गिटारींची, मध्येच ठेका बदलणारी. लहानपणीचा तो म्होरक्या एका पायानं लंगडा होता. त्यामुळे घंटी सरळ वाजतच नसे. चार ठोके सावकाश, तीन घाईचे. हाच सातांचा ठेका अल्बमभर फिरतो. पहिल्या गाण्यात खरी घंटी, मग तीच चाल गिटार उचलते, पुढं ड्रम तिला इतकं बडवतात की ओळखूच येऊ नये. शब्दही फिरून फिरून तेच येतात, 'ऐकू येतंय का?' त्यांची गायिका तनुजा ते आधी हळू विचारते, मधल्या गाण्यांत घसा खरवडून ओरडते. अगदी शेवटी सगळा गोंगाट थांबून खरी घंटी परत यायची होती आणि तनुजानं एवढंच म्हणायचं होतं, 'येतंय.'

त्यासाठी रामप्रसादनं बाजारातल्या घंट्या आणून पाहिल्या. सगळ्या देवळातल्या वाटल्या. शेवटी तो आबांकडे गेला. म्होरके बदलत गेले होते, घंटी तीच होती. सारजाबाईनं त्याला आधीच बजावलं होतं, "म्होरक्याच्या गळ्यातली घंटी त्याच्या जित्तेपणी काढत नसत्यात आपल्यात." पण आबांनी मुकाट्यानं दोरी सोडली. "चार दिसांत आणून दे," एवढंच म्हणाले.

चार दिवसांचा महिना झाला. पहिल्या गाण्यातली घंटी झकास आली, शेवटची काही केल्या जमेना. कधी खालून हॉर्न घुसायचा, कधी रामप्रसादलाच ती खोटी वाटायची. आबांनी एकदाही मागितली नाही, आणि हा पठ्ठ्या उद्या देऊ, परवा देऊ म्हणत राहिला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी पुन्हा तेच चाललं होतं. तनुजा मोबाइल बघता बघता थांबली. "रामप्रसाद, तुझे आबा वैजापूरकडंच असतात ना? हायवेवर ट्रक घुसलाय मेंढरांत."

फोटोत ट्रकचं चाक आणि लोकर एवढंच दिसत होतं. त्यानं आबांना फोन लावला. उचलला गेला. पलीकडून वारा ऐकू आला, कोणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं, पण बोललं कोणीच नाही.

"आबा? आबा, ऐकू येतंय का?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा नुसता वारा. आपण गाण्यातलेच शब्द विचारतोय हे त्याच्या लक्षात आलं. आईला कळवायची हिंमत झाली नाही. घंटी पिशवीत टाकून त्यानं मोटारसायकल काढली.

रस्ताभर प्रत्येक खड्ड्यात पाठीवर घंटी वाजत होती. घंटी नसलेला कळप गाड्यांसमोर फाकलेला त्याला दिसत होता, आणि हे आपणच केलं, असं तो हेल्मेटच्या आत पुटपुटत होता. शेवटी त्यानं थांबून घंटीत रुमाल कोंबला. अपघाताच्या जागी चहावाल्यानं सांगितलं, "ती दुसऱ्याची व्हती, दोनचार गेली. मल्हारराव नाय का? ते पल्याड, साहेबरावाच्या रानात हायेत."

कांदा काढलेल्या त्या रानात मेंढरं बसली होती आणि मल्हारराव काठी टेकून उभे होते. रामप्रसादला रडू फुटलं. "फोनवर बोलत का नाय तुमी?"

मल्हाररावांनी गळ्याला हात लावला. उत्तर रानमालक साहेबरावांनी दिलं. "बोलत्यात कुठलं? आवाजच बसलाय. घंटी नाय, मेंढरं फाकत्यात. पाण्यावर न्यायचं तर हायवे वलांडावा लागतो. महिनाभर कळपाम्होरं चालत दिवसभर साद घालत्यात. घंटीचं काम गळ्यानं केलं."

रामप्रसादनं पिशवीतून घंटी काढली. मल्हारराव जवळ आले. कसाबसा घोगरा आवाज निघाला.

"झालं का तुझं गानं?"

"झालं," रामप्रसाद म्हणाला.

त्यानं घंटीतला रुमाल काढला आणि ती म्होरक्याच्या गळ्यात बांधली. गाठ दोनदा सुटली. पाण्याची वेळ झालीच होती. म्होरक्या उठून चालू लागला, घंटी वाजली, मागं सगळा कळप उठला. महिनाभर शोधत होता तोच आवाज. रामप्रसादनं रेकॉर्ड करायला खिशातल्या मोबाइलला हात घातला.

मल्हाररावांनी काठी खांद्यावर टाकली. ते आज कळपाच्या मागून, तोंड मिटून चालले होते. रामप्रसादनं रिकामा हात खिशातून बाहेर काढला आणि हायवे येईपर्यंत त्यांच्या शेजारून नुसता ऐकत चालला.