हर्षालीचा लेख, समृद्धीची सही

माझी धाकटी जाऊ वारूळवाडीच्या थोरातांची, नाव हर्षाली. आन आमच्या नणंदेचंबी नाव हर्षालीच. लोणीसारख्या गावात एका घरात दोन हर्षाल्या, हाक मारली की दोघी येणार, म्हणून सासूबाईंनी लग्नातच ताटातल्या तांदळात अंगठीनं 'समृद्धी' लिहून घेतलं. माझं नाव कुणी बदललं नाय. गोजरबाई नाव दुसरं कुणी ठेवील अशी भीतीच नव्हती. मला नाव बदलल्यानं काय फरक पडला असता म्हणा, मी चौथी शिकलेली. ही पीएचडी करीत व्हती, ते कुणाच्या ध्यानातच आलं नाय. तिच्यासुदिक नाय.

लग्नाआधी तिचा एक लेख परदेशातल्या कंपनीच्या मासिकात छापून आला व्हता. टोमॅटोच्या पानाखाली पांढरी माशी बसती, रोग पसरवती. ती वावरात कुठून शिरती त्याच्यावर. बांधाबांधानं हिंडून, भर उन्हात पानं उलटी करून केलेलं काम. छापायच्या आधी कंपनीनं एक सही मागितली. गाईडसर म्हणाले, कर, सगळेच करतात. हिनं केली. त्या सहीनं लेखाचे समदे हक्क कंपनीचे झाले. ज्यांच्या वावरात ही हिंडली त्यांना लेख पाहिजे तर इकत घ्यायचा. वर हिलाबी इकतच. मला राग येतो तो ह्याचाच.

तोच लेख तिच्या प्रबंधातलं मुख्य प्रकरण. मूल झालं, घरचं, वावराचं करून कसाबसा प्रबंध लिहिला, तर विद्यापीठातल्या मशीननं सांगितलं, ही चोरी हाय. लेख हर्षाली थोरातचा, प्रबंध समृद्धी वाळुंजचा, लग्नानंतर कागदोपत्रीबी नाव बदललेलं. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झालेली, आता पुन्हा वाढणार नव्हती. मुदतीत प्रबंध दाखल झाला नाय तर नोंदणी रद्द, इतक्या वर्षांचं समदं पाण्यात.

बाळाला घ्यायला कुणीतरी पाहिजे, म्हणून मी तिच्यासंगं विद्यापीठात गेले. ग्रंथालयातले साहेब भले व्हते. हिनं नाव बदलल्याचं राजपत्र पुढं ठेवलं, म्हणाली, "सर, ती हर्षाली मीच."

"मॅडम, माझा विश्वास आहे," साहेब म्हणाले. "आपल्या विद्यापीठाचं धोरणसुद्धा लेखकाच्याच बाजूचं आहे. हक्क स्वतःकडे ठेवा, लेख सगळ्यांना फुकट वाचू द्या, प्रबंधात वापरा. पण हे धोरण नंतर आलं. तुम्ही सही आधीच करून बसलात. आता कंपनीची परवानगी लागेल."

मी म्हणलं, "आवो साहेब, पोरीनं स्वतःच्या हातानं केलंय. त्याला परवानगी कुणाची?"

साहेबांनी कंपनीचा पत्ता चिठ्ठीवर लिहून हिच्या हातात दिला.

कंपनीला तिनं लिहिलं. उत्तर आलं, तुम्ही ह्या लेखाच्या लेखिका नाही, लेखिकेला तिच्या नोंदवलेल्या मेलवरून अर्ज करायला सांगा. तो मेल व्हता ती जिथं शिकवायची त्या कॉलेजचा. लग्नात नोकरी सुटली, मेल बंद झाला. कॉलेजवाले म्हणाले, बंद झालेला उघडत नाही. मंग तिनं राजपत्र इंग्रजी करून धाडलं. पुन्हा तेच उत्तर, शब्दाला शब्द. पलीकडं माणूस हाय का मशीन तेबी कळंना. गाईडसरांनी फोन उचलायचं सोडलं. ही चुलीपुढं बसून मोबाइल उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. भाकरी करपायची तरी वास यायचा नाय हिला. मला लई भ्या वाटायला लागलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी पुन्हा गेलो. तिथल्या कारकुनानं एक वाट सांगितली. प्रकरणाच्या वर लिहायचं, हे काम हर्षाली थोरात यांचं, त्यांच्या लेखावरून साभार. मंग चोरी राहत नाय, मशीन सोडतं, परवानगीबी कुणी इचारत नाय. मी म्हणलं, "नको गं, असं लिहू नको."

"ताई, दुसरं काय करू?" म्हणाली. आन लिहिलं. हे संशोधन माझं नाही, हर्षाली थोरात यांचं आहे. खाली सही केली, समृद्धी वाळुंज. अक्षर वळणदार आलं. प्रबंध घेतला त्यांनी.

पुढं परीक्षकांचा शेरा आला. प्रबंधातलं मुख्य संशोधन दुसऱ्या व्यक्तीचं असून उमेदवाराचं स्वतःचं काम पुरेसं नाही, सबब नामंजूर. मी शिव्या घालायला लागले तर मलाच म्हणाली, "बरोबर लिहिलंय त्यांनी. मीच लिहून दिलं की."

दुसऱ्या दिशी आमी दोघी टोमॅटो तोडीत व्हतो. ती पुढच्या सरीत, पाठमोरी. एकाएकी म्हणाली, "ताई, मला हर्षाली म्हणून हाक मारा ना एकदा."

माझ्या जिभेला ते नाव लागलेलंच नव्हतं. तवर ती तोडीत तोडीत लांब गेली. मंग मारली मी हाक, चांगली मोठ्यानं. "हर्षाली."

तिनं ओ दिली नाय. पुन्हा मारली. तिनं मागं वळून बघितलं, अन् माझी नणंद कुठनं आली म्हणून बांधाकडं बघायला लागली.