काठावरचा तीळ

गिरणीत एकदा नक्षीकार आणि मागाचा मिस्त्री यांची चांगलीच जुंपली. मधल्या लाकडी फळीच्या अलीकडे कार्डवाली आत्या पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडत बसली होती. तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"फूल माझं! कागदावर मी काढलंय," नक्षीकार ओरडला.

"मग कागदच नेसायला दे बायकांना!" मिस्त्री म्हणाला. "कापडावर माझ्या मागानं आणलंय ते."

आता कागदावरचं फूल कापडावर जायचं, तर मधे सहाशे कार्डं लागत. भोक असेल तिथला दोरा उचलायचा, नसेल तिथला सोडायचा, एवढीच त्या मागाला अक्कल. ती भोकं आत्या पाडायची. भांडण संपेपर्यंत तिचं नाव काही दोघांच्या तोंडून निघालं नाही. आत्याला रागाऐवजी हसूच आलं. तिनं शेवटच्या कार्डाच्या कोपऱ्यात एक भोक जास्तीचं पाडलं, कार्ड उजेडाला धरून बघितलं आणि नेहमीसारखी मागावर जाऊन गठ्ठा देऊन आली. "खालची बाजू तुझ्याकडे ठेव," एवढंच तिथल्या माणसाला म्हणाली. रोज तेवढंच म्हणायची.

कापडाच्या काठावर एक ठिपका उमटला, हनुवटीवर तीळ असावा तसा. मिस्त्रीनं मागाला तेल पाजलं, नक्षीकारानं चष्मा बदलला. तीळ हलला नाही. पुढं एकतीस वर्षं प्रत्येक नक्षीला तो तीळ आला.

गिरणी बंद पडली तेव्हा आत्यानं शेवटच्या नक्षीची कार्डं सुतळीनं बांधून आणली आणि पलंगाखाली सरकवली. लग्न तिनं केलं नव्हतं. भाऊ-वहिनी लवकर गेले म्हणून भाचा तिनंच वाढवला. तो मोठा होऊन चित्रकार झाला, पण ब्रशला हात न लावता. तो नुसते नियम ठरवायचा, त्यावरून चित्र कॉम्प्युटर काढायचा, आणि एकदा काढलेलं पुन्हा कधी काढायचा नाही.

"मग तू काय करतोस रे?" आत्यानं विचारलं.

"मी ठरवतो."

"आमचा मॅनेजरही तेच करायचा."

ते नियम कॉम्प्युटरला कळतील अशा भाषेत लिहायचे, म्हणजे प्रोग्राम लिहायचा, हे काम भाचसुनेचं. सकाळी पडद्यासमोर बसली की मान आखडेपर्यंत उठायची नाही. आत्या तिच्या मानेला तेल लावून द्यायची.

एक दिवस भाच्याला पलंगाखालची कार्डं सापडली आणि त्याला सुचलं, की यांचे फोटो मशीनला द्यायचे. मशीन कार्डं हवी तशी पिसणार, फक्त शेवटचं कार्ड शेवटीच ठेवणार. चित्रं निघाली. एकासारखं एक नाही. पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक ठिपका.

"प्रोग्राममध्ये चूक आहे. काढून टाक तो," भाचा बायकोला म्हणाला.

आत्यानं जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. पण हे ऐकून ती उठून पडद्यापाशी आली. "तो माझा आहे रे," ती म्हणाली. "राहू दे."

"म्हणजे चूक तुझी?"

"एकतीस वर्षं एकसारखी केली. तिला चूक म्हणतात होय?"

भाचा हसला. तीळ जाणार हे ठरल्यातच जमा होतं. तेवढ्यात प्रदर्शन भरवणाऱ्या बाई चित्रं बघायला आल्या. कोपऱ्याशी आल्या आणि छातीला हात लावून उभ्या राहिल्या. "हा ठिपका! यंत्राला स्वतःचं मन आहे हो!"

भाच्यानं पापणी लवायच्या आत पक्ष बदलला. "म्हणून तर तो ठेवलाय," तो म्हणाला. बाई गेल्यावर आत्याजवळ येऊन बसला. "आत्या, कुणाला सांगू नकोस हं. नाहीतर ठिपक्यातली गंमतच जाईल."

तीळ राहायचा तर गप्प बसायचं. आत्याला त्याची सवयच होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पलीकडच्या खोलीत आवाज चढले.

"पाटीवर माझं नाव कुठंय?"

"अगं, कल्पना माझी आहे."

"मग कल्पनेलाच बसव पडद्यासमोर!"

"बाई म्हणतात, दोन नावं आली की यंत्राचं मन मागं पडतं."

आत्याला वाटलं, फळी तेवढी नाही मधे, बाकी तीच गिरणी.

दुपारी भाचसून नाक पुसत मशीन लावायला हॉलवर गेली. भाचा फाटकं कार्ड घेऊन आत्याकडे आला. "शेवटचं कार्ड फाटलं गं! हॉलमध्ये मशीन लोकांसमोर चित्रं काढणार, कार्डांचे फोटो पुन्हा घ्यायचेत. नवं करून देशील? अगदी होतं तस्सं."

आत्यानं सुयांच्या डब्यातून भोकं पाडायचा जुना पंच काढला, चष्मा पुसला आणि कार्ड केलं. कोपऱ्यातलं भोक पाडलं. भाचसुनेच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग त्याला खेटून आणखी एक पाडलं.

कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून तीच पोचवायला निघाली. बाहेरचं असं काम तिनं त्यानंतर केलं नाही, गुडघ्यांनी मनाई केली. हॉलमध्ये भाचसून मशीनपाशी एकटीच होती. आत्यानं कार्ड उजेडाला धरून बघितलं आणि तिच्या हातात दिलं.

भाचसुनेनं कोपऱ्यावर बोट फिरवलं. "आत्या, इथं दोन..."

"खालची बाजू तुझ्याकडे ठेव," आत्या म्हणाली, आणि वर्तमानपत्राची घडी घालून पिशवीत ठेवली.