अप्पांची माणसं

हिमायतनगरच्या स्टेशनावर अप्पा मला सोडायला आले, तेव्हा त्यांच्या भुवयांवर गिरणीचं पीठ तसंच होतं. मी नोकरीसाठी पुण्याला निघाले होते. गाडी हलताना म्हणाले, "मूळ गाव कुनी इचारलं तर हेच सांग. आपलं मागं कुनी न्हाई."

मला ते खरंच वाटायचं. पुण्यात लग्न झालं, फ्लॅट झाला, बोलण्यातलं 'हाव' जाऊन 'हो' आलं. अप्पा गेल्यावर आईनं तोंड उघडलं. देगलूरकडच्या एका खेड्यात अप्पांचा सख्खा धाकटा भाऊ होता. आई त्यांना चोरून फोन करायची.

आईला घेऊन मी तिथे गेले. पत्र्याच्या घरातून काका बाहेर आले. थेट अप्पांचं नाक. "रा बिड्डा, ये लेकरा," तेलुगू मिसळून म्हणाले. माझ्या मुलीची इयत्तासुद्धा त्यांना ठाऊक होती.

चहा पिताना त्यांनी सांगितलं. आजी रेणुकेची आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, दारोदार जोगवा मागायची. त्या पिठावर दोघं भाऊ वाढले. शाळेत पोरं चिडवायची. एक दिवस अप्पा घर सोडून गेले, ते परतलेच नाहीत.

"पन माय दरसाल माहूरला जाताना तुमच्या गिरणीवर यायची," काका म्हणाले. "वळख न्हाई दाखवायची. पोराची इज्जत जाईल म्हनायची. पीठ घ्यायची, त्याला बघायची, निघायची."

मला ती म्हातारी आठवली. माझ्या गालावरून हात फिरवायची. अप्पा तेव्हा गिरणीकडे तोंड करून उभे राहायचे.

परतताना बसमध्ये मला अप्पांचा भयंकर राग आला होता.

गेल्या वर्षी काका पुण्याला आले. धोतर सावरत सोफ्याच्या कडेवर बसले. सासूबाईंनी विचारलं, "हे कोण गं?"

मी पंख्याचं बटण दाबायला वळले. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "वळखीचा हाय जी," म्हणाले. "गिरणीवर दळन आनायचो."

"काका आहेत माझे," मी म्हणाले. "अप्पांचे सख्खे भाऊ."

"अगंबाई, कधी बोलली नाहीस!" म्हणत सासूबाई पाणी आणायला उठल्या. काही बिघडलं नाही. पण काका मान खाली घालून पिशवीचे बंद सारखे करत बसले होते.

आता सुट्टीत मुलीला घेऊन मी माहेरी जाते, म्हणजे काकांकडेच. ते अंगणात खाट टाकतात, मुलीला शेंगा भाजून देतात. फक्त एखादा शेजारी येऊन "ही कोन?" म्हणाला, की काका आधी माझ्या तोंडाकडे बघतात. मी बोलेपर्यंत थांबतात.