नाकाच्या शेंड्यावरचा फोड

यांच्या कपाळावर उजव्या बाजूला पुरळ उठलं, तेव्हा महाळुंग्याच्या आमच्या घरमालकीण मावशींनी ते दारातूनच ओळखलं. "आगं, नागीण हाय ही. दवाखान्यात नेऊ नको, सुई टोचली की चवताळती. आमी गेरूच लावतो."

गावातल्याच एका म्हाताऱ्या बाबांना त्या घेऊन आल्या. बाबांनी पुरळाभोवती गेरू लावला, तोंडातल्या तोंडात काही म्हटलं. नागिणीचं तोंड आणि शेपूट भेटली की माणूस जातो, असं आमच्या लातूरकडेही म्हणतात. कमरेवर ती वेढा घालते. कपाळावर कसं ओळखायचं, म्हणून बाबांनी केसांपासून भुवयांच्या मधोमध गेरूची एक रेघ ओढली आणि मला सांगितलं, "ही वलांडून डावीकडं गेली न्हाई पायजे. रोज सकाळी बघायचं."

मी रोज सकाळी बघत होते. पुरळ वाढत होतं, आग होत होती, पण एकही फोड रेघेपलीकडे गेला नाही. हे म्हणायचे, "कंपनीचं गेट आहे ते. पास नाही तर एंट्री नाही."

हे चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इन्स्पेक्शनला आहेत. तयार झालेला भाग दिव्याखाली धरून त्यावर केसाएवढी चीर आहे का ते बघायचं. सगळं काम डोळ्याचं.

रेघ ओढली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती बघताना मला यांच्या नाकाच्या शेंड्यावर बारीक फोड दिसला. उजवा डोळाही लाल होता. मावशी चहा प्यायला आल्या होत्या. मी हळूच म्हटलं, "डोळा लाल दिसतोय."

"धूळ गेली असेल," हे म्हणाले.

"रेघ वलांडली का?" मावशींनी विचारलं. मी नाही अशी मान हलवली. "मग झालं तर. उगा घोर लावू नको त्याला."

फोडाचं मी बोललेच नाही. माझं असंच आहे. एकदा कोणी अडवलं की पुढचं सांगायचंच राहतं.

चौथ्या दिवशी यांना डोळा उघडेना. मग पिंपरीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याआधी नाक बघितलं. "हा फोड कधी आला? नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची नस एकच असते."

यांना माहीतच नव्हतं. यांनी माझ्याकडे बघितलं.

"परवा," मी म्हटलं.

"परवाच आला असतात तर," एवढं म्हणून त्या थांबल्या आणि लिहू लागल्या.

लहानपणी कांजण्या आल्या होत्या का, असं त्यांनी विचारलं. आल्या होत्या. तोच विषाणू इतकी वर्षं नसेत लपून बसला होता, म्हणाल्या.

"मग शरीराला सापडला कसा नाही?" यांनी विचारलं.

"काम काय करता?"

"इन्स्पेक्शन."

बाई हसल्या. "मग तुम्हाला लगेच कळेल. आपल्या शरीरातली पेशी आत जे बनतं, त्याचं बारीकसं सँपल बाहेर आपल्या अंगावर ठेवते. रक्तातले पहारेकरी येता-जाता ते तपासतात. वेगळं दिसलं की त्या पेशीला मारून टाकतात. हा विषाणू आत शिरला की सँपल आतच अडकवतो, बाहेर येऊ देत नाही. आणि झोपलेला असला की जवळजवळ काही बनवतच नाही."

"म्हणजे मशीनच बंद. बंद मशीनचं चेकिंग कोण करणार?" हे म्हणाले. "आमच्यात सँपल दाबलं तर गेटबाहेर काढतात, मॅडम. याला कोण काढणार?"

"कोणी नाही. गोळ्यांनी वाढ थांबते. नसेत बसलेला तिथेच राहतो."

मी मांडीवर पिशवी धरून बसले होते. माझ्यापुढे तर सँपल आलं होतं, नाकाच्या शेंड्यावर.

खपल्या पडल्या, गेरू धुतला गेला. मावशी मला म्हणाल्या, "बघ, वलांडली न्हाई ना." मी हो म्हटलं. डोळ्यात मात्र धुकं राहिलं. तासातासाने थेंब घातले, मग दोन तासांनी, आता दिवसातून चारदा घालते. डॉक्टरीणबाई नक्की काही सांगत नाहीत. कंपनीने यांना सध्या पॅकिंगला बसवलंय. पुढच्या सोमवारी डोळ्यांची तपासणी आहे. त्यात पास झाले तरच इन्स्पेक्शनला परत घेणार.

म्हणून हे घरी सराव करतात. काल जेवण झाल्यावर डावा डोळा तळहाताने झाकून भिंतीला टेकून बसले. मी दाराशी उभी राहून बोटं दाखवली.

"तीन," हे म्हणाले.

मी दोन धरली होती. यांनी डोळ्यावरचा हात काढायच्या आत मी तिसरं हळूच उघडलं.

"बरोबर ना?"

"हो," मी म्हटलं.