हात पुरेल एवढं घर

यवतमाळला फ्लॅट घेतला तेव्हा आम्हा नवराबायकोला नावाजलेलाच इंटिरियर डिझायनर हवा होता. त्याच्या ऑफिसात गेलो, तर आमच्या आधी एक बाई बसल्या होत्या. साठीच्या, नऊवारी नेसलेल्या, पाठीत वाकलेल्या. घाटंजीकडच्या शेतकरी. शहरात नवं घर बांधून एकट्याच डिझायनर निवडायला आल्या होत्या. हा त्यांचा तिसरा.

डिझायनरनं पडद्यावर स्वयंपाकघर दाखवलं. कपाटं थेट छताला भिडलेली. बाई उठून पडद्यापाशी गेल्या आणि त्यांनी हात वर केला.

"इतकं वर कायले? माहा हात नाही पुरत."

"काकू, सध्या हेच चालतं," तो हसून म्हणाला.

"चालत असन. पण सैपाक मले करा लागते. कापूस येचू येचू पाठ वाकली, ते आता सरळ होत नाही."

आवाज जराही चढला नव्हता, पण हात त्यांनी खाली घेतला नाही. तो खुर्चीतून उठला. मग टेप काढून गुडघ्यावर बसला आणि जमिनीपासून त्यांच्या बोटांपर्यंतचं माप त्यानं स्वतः घेतलं.

बाई आमच्याकडे वळल्या. चेहरा नुसता फुलला होता. "आधीचे दोघं फोटोच दाखवत राह्यले. हा उठला तरी. यालेच काम देतो."

त्या ताठ मानेनं बाहेर पडल्या. आम्ही महिनाभर डिझायनरचं नाव किती मोठं, एवढंच विचारत फिरलो होतो.

आमची पाळी आली. पडद्यावर नवं चित्र उमटताच बायको म्हणाली, "ते राहू द्या. आधी माझ्या गुडघ्यांचं ऐका."